आधी काढायला शिकवा, मग लावायला

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: धुळे जिल्ह्यातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये तुम्ही इलेक्ट्रॉनिक्स शिकवता. झिरो बोर्डवर (सरावाच्या, भोकं पाडलेल्या कोऱ्या बोर्डवर) एलईडी लावून कंटाळलेल्या तिसऱ्या सेमिस्टरच्या २४ मुलांना गोडी लागावी म्हणून जुन्या गेम कन्सोलमध्ये बदल करत सोल्डरिंग शिकवायचं तुम्ही ठरवलंत. मागच्या वर्षी आठ कन्सोल आणले, त्यातले पाच कायमचे बंद पडले. आता विचारताय की तापमान दाखवणारी चांगली सोल्डरिंग स्टेशन घ्यावीत का, आणि सुरुवात कुठल्या बदलापासून करावी.

माझं जळगावात दुरुस्तीचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. शनिवार-रविवारी दुकानामागच्या खोलीत सहा-सात मुलांची बॅच घेतो. तुमच्या पाच कन्सोलपेक्षा कितीतरी जास्त कन्सोल माझ्या मुलांनी मारलेत, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

चांगल्या स्टेशनमुळे त्या पाचातला एखादा वाचला असता. पाचही वाचले नसते. खरी अडचण वेगळी आहे. कॉलेजात मूल सोल्डरिंग शिकतं ते रिकाम्या बोर्डवर: भाग नवा, पाय चकचकीत, शेजारी कोणी नाही. कन्सोल उघडला की बोर्ड गच्च भरलेला, शिसं (म्हणजे जोडाचं सोल्डर) वीस वर्षांचं काळवंडलेलं, ग्राउंडचा तांब्याचा पत्रा सगळी उष्णता ओढून घेणारा. आणि बदल करायचा म्हणजे आधी तिथलं काहीतरी काढावं लागतं. काढायला त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं. मग आयर्न दाबून धरतात, भाग हलवून बघतात, आणि भागाबरोबर प्रिंट, म्हणजे बोर्डावरची तांब्याची पट्टी, उखडून हातात येते. तुमचे पाच कन्सोल न बघता सांगतो, किमान तीन तरी असेच गेले असतील.

काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर ठरतील. बॅच किती मोठी, लॅबचं अर्थिंग खरं आहे की नुसता भोक असलेला सॉकेट, आणि तुमच्या हाताशी कुठले कन्सोल आहेत, यावर क्रम बदलतो. परदेशी व्हिडिओंमध्ये सगळे गेमबॉयचा, म्हणजे हातात धरून खेळायच्या कन्सोलचा, पडदा बदलताना दिसतात. आपल्याकडे खेडोपाडी गेमबॉय कुणाच्या माळ्यावर सापडायचा? आपल्या माळ्यावर सापडतो तो ‘टीव्ही गेम’. पिवळी कॅसेट, तिच्यावर ‘९९९९९९९ इन १’, आत जेमतेम पाच-सहा गेम. जपानात १९८३ साली आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम कन्सोलची ही नक्कल. शिकवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. भंगारात मिळतो, मोडला तर कुणाच्या पोटात गोळा येत नाही, आणि आतलं सगळं डोळ्यांना दिसतं. एकच गोष्ट दिसत नाही: बोर्डाच्या मध्यावरचा तो काळा थेंब. त्याखाली उघडी चिप असते आणि केसापेक्षा बारीक तारांनी बोर्डाला जोडलेली असते. तिथे दुरुस्ती नाही. बोर्ड वाकवला किंवा थेंबाशेजारी फार वेळ आयर्न धरला की खेळ संपला. पहिल्याच दिवशी त्या थेंबाभोवती मार्करने गोल काढायला लावा. आत आयर्न न्यायचा नाही.

माझ्याकडे पहिले चार शनिवार कोणी काही लावत नाही. फक्त काढायचं. एक मेलेला टीव्ही गेम द्यायचा आणि सांगायचं, कॅसेटचा स्लॉट अखंड काढ आणि परत बसव. या स्लॉटला ६० पिना असतात, एका ओळीत ३०, दोन पिनांमध्ये २.५४ मिलिमीटर अंतर. म्हणजे झिरो बोर्डाइतकंच, मुलांच्या ओळखीचं. पण साठच्या साठ पिना मोकळ्या झाल्याशिवाय स्लॉट हलत नाही. एकोणसाठ सुटल्या आणि एक अडकली की मूल स्लॉट ओढतं, आणि त्या एका पिनेबरोबर प्रिंट निघते. हे एकदा घडू द्या. सांगून कळत नाही.

पद्धत अशी. आधी प्रत्येक पिनेवर ताजं शिसं आणि फ्लक्स (शिसं नीट वाहावं म्हणून लावायची राळ) द्यायचा. नवशिक्याला हे उलटं वाटतं, काढायचंय आणि हा अजून घालायला सांगतोय! पण जुन्या शिशावर ऑक्साइडचा थर बसलेला असतो, तो उष्णता आत जाऊ देत नाही. ताजं शिसं मिसळलं की सगळं एकदम पातळ होतं, मग पंपाने ओढायचं, उरलेलं विकने (तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) टिपायचं. २००६ नंतरच्या बहुतेक कन्सोलमध्ये तर शिसंविरहित सोल्डर असतं, ते साधारण २१७ अंशांना वितळतं, आपलं कथिल-शिशाचं ६३-३७ मात्र १८३ ला. दोन्ही मिसळलं की वितळण्याचा आकडा खाली येतो आणि प्रिंटवरचा ताण कमी होतो.

स्लॉट काढण्याआधी मल्टीमीटर बीपवर लावून (दोन जागा जोडलेल्या असल्या की तो वाजतो) शेजारशेजारच्या पिना तपासायच्या आणि वहीत लिहायच्या. दोन ओळींच्या मिळून ५८ जोड्या होतात. परत बसवल्यावर पुन्हा त्याच ५८. कंटाळवाणं आहे, मुलं कुरकुरतात. पण एखाद्या बोर्डावर शेजारच्या दोन पिना मुळातच जोडलेल्या सापडतात. आधीचं माप लिहिलेलं नसेल तर मूल तिथे शॉर्ट आहे म्हणून चांगलं जोडकाम खरवडत बसतं. मी एक नियम ठेवलाय: या जागी किती व्होल्ट यायला हवेत हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या हातात आयर्न नाही.

आता बदल. पहिला बदल म्हणून मी दरवर्षी एकच देतो: जुन्या अॅडॉप्टरच्या जागी टाइप-सी. जुना अॅडॉप्टर हरवलेला असतोच, आणि मोबाइलचा चार्जर घरोघरी आहे, त्यामुळे मुलांना त्याचा उपयोग समजावून सांगावा लागत नाही. सोल्डरिंग मोजून सात-आठ ठिकाणी, पण त्यात अख्खा पॉवर सप्लायचा धडा आहे.

टीव्ही गेमच्या आत ७८०५ रेग्युलेटर असतो. बाहेरून ९ व्होल्ट घेतो आणि चिपला ५ देतो, मधले ४ व्होल्ट उष्णता करून फेकतो. ३०० मिलिअॅम्पिअर वाहत असतील तर १.२ वॅट नुसती ऊब. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अॅडॉप्टरवर ९ लिहिलेलं असलं तरी लोड नसताना मीटरवर १२-१३ दिसतात, हेही मुलांना मोजू द्या. छापील आकड्यावरचा त्यांचा विश्वास तिथेच उडतो. तो उडायलाच हवा. आणखी एक: या अॅडॉप्टरच्या पिनेचं मधलं टोक पुष्कळदा ऋण असतं. ते न बघता दुसरा अॅडॉप्टर खुपसून गेलेले कन्सोल माझ्याकडे आजही येतात.

मग मुलांना विचारायचं, टाइप-सीचे ५ व्होल्ट कुठे जोडाल? दहापैकी आठ जण म्हणतात, जुन्या जॅकच्या जागी. जोडू द्या. दिवा मिणमिणतो, चित्र येत नाही. ७८०५ ला आपल्या कामासाठी आत साधारण ७ व्होल्ट लागतात. ५ च दिले तर पलीकडे साडेतीनच्या आसपास निघतात. मूल चिप गेली म्हणून रडकुंडीला येतं. तुम्ही काही बोलू नका, फक्त मीटर पुढे सरकवा. आउटपुटच्या पायावर साडेतीन दिसले की त्याचं त्यालाच कळतं. मग रेग्युलेटर काढायचा आणि ५ व्होल्ट थेट त्याच्या आउटपुटच्या भोकात द्यायचे. जुना जॅकही काढून टाकायचा, नाहीतर घरी कोणी तरी सापडलेला जुना अॅडॉप्टर त्यात लावून बघतंच.

पुढचा किस्सा दर बॅचला होतो, म्हणून लिहितो. अमळनेरकडचा एक मुलगा होता, हात फार स्वच्छ. शनिवारी त्याचा कन्सोल मस्त चालला. रविवारी घरून आला आणि म्हणाला, “सर, काल चालू व्हतं, आज बंद पडी गयं.” बोर्ड बघितला, एकही जोड वाईट नाही. शनिवारी त्याने माझी जुनी केबल वापरली होती, एका टोकाला चपटा मोठा यूएसबी असलेली. घरी भावाच्या नव्या फोनचा चार्जर होता, दोन्ही टोकांना टाइप-सी. जुन्या पद्धतीच्या पोर्टवर ५ व्होल्ट कायम असतात. टाइप-सीचा चार्जर तसा नाही. समोर कोणी मागणारं आहे अशी खात्री पटेपर्यंत तो काहीच देत नाही. ती खात्री पटवायला सॉकेटच्या सीसी-१ आणि सीसी-२ या दोन पिनांवरून ग्राउंडकडे ५.१ किलोओहमचा एकेक रेझिस्टर लागतो. दोघांचा वेगळा. दोन्ही पिना जोडून एकाच रेझिस्टरवर भागवता येत नाही. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाच्या पहिल्या बोर्डात हीच चूक राहिली होती आणि काही केबलवर तो चालूच होत नव्हता. हे सांगितलं की मुलांचे चेहरे उजळतात, एवढ्या मोठ्या लोकांचंही चुकतं म्हणून. त्या मुलाने दोन रेझिस्टर लावले, भावाचा चार्जर लावला आणि ओरडला, “चालू व्हयनं!” दुकानात गिऱ्हाईक होतं, तेही बघायला मागे आलं.

पहिल्यांदा वीज देताना चार्जर वापरू नका. लॅबच्या सप्लायवर ५ व्होल्ट आणि करंटची मर्यादा ५०० मिलिअॅम्पिअर लावा. शॉर्ट असेल तर सप्लाय मर्यादेवर अडेल, बोर्ड जळणार नाही.

दुसरा बदल चित्राचा. ज्या सेटमध्ये फक्त अँटेनाच्या वायरचं आउटपुट आहे, त्यात चिपमधून येणारा व्हिडिओ आरएफ मॉड्युलेटरच्या (चित्राचा अँटेनाजोगा सिग्नल करणाऱ्या भागाच्या) आधीच काढून घ्यायचा आणि एका बीसी५४७ ट्रान्झिस्टरने त्याला जोर देऊन ७५ ओहमच्या रेझिस्टरमधून पिवळ्या सॉकेटला द्यायचा. ट्रान्झिस्टरची ही जोडणी, एमिटर फॉलोअर, तुमच्या अभ्यासक्रमात आहेच, फक्त तो कशासाठी असतो हे मुलांना इथे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसतं. ट्रान्झिस्टरशिवाय जोडलं तर चित्र अंधारं आणि ओढल्यासारखं, ट्रान्झिस्टर लावला की स्वच्छ. फार लांबवत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं शिकवाल.

तिसरा आणि रोजीरोटीच्या दृष्टीने सगळ्यात उपयोगाचा धडा म्हणजे कंट्रोलरची स्टिक. प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरमध्ये स्टिक आपोआप एका बाजूला सरकते, त्याला सगळे ड्रिफ्ट म्हणतात. आत घासणारे दोन पोटेन्शिओमीटर (स्टिक किती हलली ते सांगणारे बदलते रेझिस्टर) झिजलेले असतात. त्या जागी चुंबकावर चालणारी हॉल इफेक्टची स्टिक बसवता येते. तिला घासणारा भागच नाही. इथे एका मॉड्यूलला १४ पाय: दोन पोटेन्शिओमीटरचे सहा, बटणाचे चार, पत्र्याच्या चौकटीचे चार. चौकटीचे पाय ग्राउंडच्या तांब्यात गेलेले असतात, आणि सगळी रडारड तिथेच होते. मूल चौदा पाय एकदम मोकळे करायला बघतं. कशाला? स्टिक मेलेलीच आहे. कटरने बाजूचे पोटेन्शिओमीटर तोडा, चौकट कापा, आणि मग एकेक पाय सुटा करून चिमट्याने ओढा. मेलेला भाग वाचवायचा नाही, बोर्ड वाचवायचा. हे वाक्य मी दुकानात दिवसातून चारदा म्हणतो आणि तरी दर बॅचला एखादा स्टिक अखंड काढून माझ्या टेबलावर अभिमानाने ठेवतो, सोबत दोन उखडलेल्या प्रिंटी. मग त्यालाच जंपर मारायला बसवतो. उखडलेल्या प्रिंटीची रेघ बोटभर पुढे शोध, वरचं हिरवं लाखकाम ब्लेडने खरवड, इनॅमलची बारीक तार टाक. हे आलं की त्याची भीती गेली.

एचडीएमआयचा पोर्ट बदलण्याचा मोह होईल, कारण जळगावच्या गोलाणी मार्केटला विचाराल तर कन्सोलचं तेच काम सगळ्यात जास्त येतं असं सांगतील. १९ पिना, अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने. तिसऱ्या सेमिस्टरला नको. २४ पैकी दोघा-तिघांचे हात तिथवर जातील, त्यांना शेवटच्या महिन्यात मेलेल्या बोर्डावर देऊन बघा.

आता एक प्रश्न मुलं पहिल्याच दिवशी विचारतील, म्हणून आधीच उत्तर तयार ठेवा: “सर, चिप कशी लावायची?” म्हणजे कॉपी केलेल्या डिस्क चालाव्यात म्हणून लावतात ती. प्लेस्टेशन २ च्या काळात गिऱ्हाईक बोलायचंच मुळी “चिप लावून द्या भो” असं. मी कधीच लावली नाही म्हणालो तर खोटं ठरेल. पण वर्गात लावत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. पॉवर, व्हिडिओ, स्टिक यांच्या बदलांचा त्याच्याशी संबंध नाही. कॉलेजच्या नावावर चाललेल्या प्रॅक्टिकलमध्ये ही रेघ स्पष्ट असलेली बरी. मात्र ती चिप काय करते हे फळ्यावर जरूर सांगा, कारण ती कल्पना सुंदर आहे. पहिल्या प्लेस्टेशनच्या अस्सल डिस्कच्या सुरुवातीच्या भागात खाच मुद्दाम किंचित डोलती ठेवलेली असे आणि त्या डोलण्यात चार अक्षरं लपवलेली, कुठल्या देशांसाठीची डिस्क ते सांगणारी. घरच्या रायटरला ती डोलती खाच लिहिता येत नाही. ती चिप म्हणजे एक छोटा मायक्रोकंट्रोलर, डिस्कऐवजी तोच ती चार अक्षरं कन्सोलला सांगत राहतो. एवढं ऐकलं की सिग्नल म्हणजे काय हे मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही.

आपल्या हवेबद्दल दोन शब्द. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. पंख्याशिवाय वर्गात बसवत नाही, आणि पंखा चालू ठेवला तर आयर्नचं टोक थंड होतं आणि धूर शेजारच्याच्या तोंडावर जातो. मी उन्हाळ्यात सकाळी सात ते दहा बॅच घेतो, छताचा पंखा बंद, आणि टेबलाच्या टोकाला एक छोटा पंखा बाहेरच्या दिशेने, धूर ओढणारा. तो धूर शिशाचा नसतो, फ्लक्समधल्या राळेचा असतो. दम्याच्या मुलाला तो बाधतो, म्हणून आधी विचारून घ्या. शिसं शरीरात जातं ते हातावाटे. माझ्या खोलीत केळीच्या वेफर्सची पिशवी टेबलावर दिसली की त्या दिवशी बॅच बंद. आधी हात साबणाने, मग वेफर्स.

थंडीत हवा आणखी कोरडी, स्वेटर काढताना ठिणग्या उडतात, तेव्हा अंगावरची स्थिर वीज जमिनीत सोडणारा मनगटाचा पट्टा हवाच. पण पट्टा अर्थिंगला जोडायचा आणि अर्थिंगच नसेल तर? दोन पिनेच्या स्वस्त आयर्नच्या टोकापासून अर्थपर्यंत मी एकदा एसी व्होल्ट मोजले, ८० च्या वर आले. करंट नगण्य, पण नाजूक चिपला तेवढंही पुरे. आणि प्लेस्टेशनचा सप्लायचा डबा कोणी उघडायचा नाही. २३० व्होल्टचं रेक्टिफाय होऊन आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट बसलेले असतात, वायर काढल्यावरही काही काळ.

तर तुमच्या पैशाच्या प्रश्नाकडे. आठ कन्सोलना आठ स्टेशन घेऊ नका. दोन घ्या, तीन पिनेची, कंट्रोलरच्या ग्राउंडमध्ये गेलेले पाय सोडवण्यासाठी. बाकीच्यांना तीन पिनेचे २५ वॅटचे साधे आयर्न चालतील. उरलेल्या पैशांत चांगला फ्लक्स, विक आणि प्रत्येक दोघांत एक बरा मल्टीमीटर घ्या. आणि सगळ्यात आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. गुण देताना निम्मे गुण बदल चालला यासाठी ठेवा, निम्मे तो बदल काढून कन्सोल मूळ अवस्थेत परत चालवून दाखवला यासाठी.

आणि ते पाच बंद कन्सोल भंगारात दिले नसतील ना? ठेवा. पहिल्या तासाला तेच टेबलावर मांडा, टीव्ही गेम असतील तर ७८०५ च्या तिन्ही पायांवर किती व्होल्ट येतात ते मुलांना लिहायला लावा. तीन तरी उखडलेल्या प्रिंटीपायी बंद असतील, त्यांना जंपर पुरेल. काळा थेंब गेलेला जो उरेल, त्याचा स्लॉट काढायला द्या.